एकोणीस नंबरचं रक्त

१

एकोणीस नंबरच्या नळीतलं रक्त एकोणीस नंबरचं नव्हतं, हे आम्हाला कळलं तेव्हा डॉक्टर होल्क यांचं भाषण टाइप होऊन तयार होतं आणि पत्रकारांना आमंत्रणंही गेली होती.

१९८३चा सप्टेंबर होता. कोपनहेगनमधल्या आमच्या इस्पितळाच्या मागच्या अंगाला, जिथं पूर्वी चादरी धुतल्या जायच्या त्या तळमजल्यावर आमची प्रयोगशाळा होती. एड्स हे नाव लोकांच्या तोंडी नुकतंच येऊ लागलं होतं. तो कशानं होतो हे खात्रीनं कुणालाच सांगता येत नव्हतं. एवढंच दिसत होतं, की ज्याला तो होतो त्याच्या रक्तातल्या एका जातीच्या पेशी संपत जातात. रोगाशी लढताना शरीराच्या मदतीला धावणाऱ्या त्या पेशी, म्हणून आम्ही त्यांना मदतनीस म्हणायचो. लढाईला आवर घालणाऱ्या पेशी वेगळ्या. धडधाकट माणसात एका आवर घालणारीमागे साधारण दोन मदतनीस सापडतात. आमच्या बोलण्यात ‘आकडा’ म्हणजे हाच. दोन असेल तर उत्तम, एकाच्या खाली गेला की आम्ही गप्प व्हायचो.

डॉक्टर विगो होल्क यांना एकाच प्रश्नानं झपाटलं होतं: आज ज्याला काहीही होत नाही अशा माणसाचा आकडा उतरत असेल, तर तो पुढं आजारी पडेल का? याचं उत्तर मिळावं म्हणून पुरुषांवर प्रेम करणारे शंभरावर पुरुष दर सहा महिन्यांनी आपणहून येऊन दंड पुढं करत होते. त्यांना नावं नव्हती, नंबर होते. नाव फुटलं तर नोकरी जायची, भाड्याचं घर जायचं. कोणता नंबर कोणाचा हे होल्क सोडून कुणाला माहीत नसे. रक्त काढायची आमची नर्स टोवे. लांबच्या काही जणांचं रक्त त्यांच्याच गावात काढून सकाळच्या गाडीनं डब्यातून यायचं, त्यावर टोवे नंबर चिकटवायची. आणि पेशी मोजायची मी, बिर्टे.

एकोणीसचा आकडा वसंतात अर्ध्याच्याही खाली होता. असे पाच जण निवडून होल्क यांनी त्यांना वासराच्या ग्रंथीपासून केलेलं एक इंजेक्शन सुरू केलं होतं. चौघांना काडीचा फरक पडला नव्हता. आणि सप्टेंबरात एकोणीसचा आकडा निघाला दोनच्या वर.

मी पुन्हा मोजलं. तेच. होल्क यांनी मला खुर्चीसकट गोल फिरवलं. टोवे खाली जाऊन बदामाची पेस्ट्री घेऊन आली. संध्याकाळी होल्क यांनी स्वतः फोन करून एकोणीसला ही बातमी दिली आणि मग भाषण लिहायला बसले. पुढच्या महिन्यापासून आकडा उतरलेल्या प्रत्येकाला हे इंजेक्शन द्यायचं ठरलं.

मला मात्र त्या चौघांचा विसर पडेना. दोन-अडीच आठवड्यांनी उरलेलं रक्त घेऊन मी गुपचूप रक्तपेढीत गेले आणि सोबत एकोणीसची वसंतातली गोठवलेली नळीही नेली. दुसऱ्या दिवशी रक्तपेढीच्या प्रमुख मुंकबाईंचा फोन आला.

“बिर्टे, वसंतातला माणूस बी गटाचा आहे. तू आत्ता दिलेलं रक्त ओ गटाचं आहे. माणूस बरा होईल गं, पण त्याचा गट नाही बदलायचा.”

२

राग्नहिल्ड मुंक यांचा दबदबा इस्पितळापेक्षा कोर्टात जास्त होता. पोराचा बाप कोण, हे भांडण रक्तावरून मिटवण्यात त्यांचा हात धरणारं देशात कुणी नव्हतं. साठीला टेकल्या होत्या, सायकलवरून यायच्या, बारीक काळा चिरूट ओढायच्या आणि समोरच्याचं बोलणं संपल्यावरही थोडा वेळ गप्प राहायच्या. त्या गप्प राहण्यात भलेभले आणखी दोन वाक्यं बोलून जायचे.

त्या आल्या तेव्हा होल्क येरझारा घालत होते.

“घोळ इथंच झालाय,” ते म्हणाले. “बिर्टे, नळ्या तूच लावतेस ना? दोन नळ्या इकडच्या तिकडं केल्यास तू.”

प्रयोगशाळेत मी सगळ्यांत नवी होते आणि माझ्या मोजणीवर सगळ्यांचं काम उभं होतं.

“विगो, आधी बस,” मुंकबाई म्हणाल्या. “पोरीवर ओरडून गट बदलणार नाही. मला सांग, नळ्या इकडच्या तिकडं झाल्या असत्या तर एकोणीसचं खरं रक्त कुठं गेलं असतं?”

“दुसऱ्या कुणाच्या तरी नंबरावर.”

“मग त्या बिचाऱ्याचा आकडा धाडकन खाली यायला हवा. आलाय?”

होल्क यांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. त्या दिवशीच्या बाकी सगळ्यांचे आकडे मागच्या खेपेच्या आसपासच होते.

“म्हणजे एकोणीसचं रक्त त्या दिवशी या इमारतीत आलंच नाही,” मुंकबाई म्हणाल्या. “आणि मी उरलेल्या सगळ्या नळ्याही पाहून घेतल्या. हे ओ गटाचं रक्त त्यांतल्या कुणाशीच जुळत नाही. कुणाच्या नळीतून थोडं ओतून घेतलं, असंही झालेलं नाही. रक्त बाहेरच्या माणसाचं आहे. आणि ते मुद्दाम पाठवलेलं आहे.”

होल्क मटकन बसले. “इंजेक्शन माझं, भाषण माझं. लोक माझंच नाव घेतील.”

“मीसुद्धा तुझंच घेतलंय. सध्या संशयात पहिला नंबर तुझा.” बाईंनी चिरूट पेटवला. “आता मला त्या रक्ताच्या काचा दाखवा. रंगवलेल्या.”

३

मोजणीआधी आम्ही रक्ताचा एक थेंब काचेवर पसरून रंगवून ठेवायचो. मुंकबाई सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसल्या. टोवे दारात येऊन उभी राहिली. होल्क खिडकीशी.

“बिर्टे, यात तू काय बघतेस?” त्यांनी विचारलं.

“गोल केंद्राच्या पांढऱ्या पेशी. मदतनीस त्यांतल्याच असतात.”

“आणि या दुसऱ्या? ज्यांचं केंद्र मण्यांच्या माळेसारखं तुकड्यातुकड्यांचं असतं?”

“त्या आमच्या कामाच्या नाहीत. त्या मी सोडून देते.”

“बरोबर करतेस. पण मी म्हातारी, मला त्याच बघायची सवय.” त्या बाजूला सरकल्या. “ये, बघ.”

मी पाहिलं. माळेच्या एका मण्याला बारीक दांडीवर एक ठिपका लटकत होता, ढोल वाजवायच्या टिपरीसारखा. बाईंनी काच सरकवली. बऱ्याच पेशी साध्याच गेल्या, मग पुन्हा एक टिपरी आली. मग आणखी एक.

“शाळेत शिकवलं असेल तुला.”

शिकवलं होतं. परीक्षेत लिहिलंही होतं आणि मग विसरून गेले होते. पुरुषाच्या रक्तात हा ठिपका असा दिसत नाही.

“बाईचं आहे,” मी म्हणाले.

“बाईचं आहे. तुमच्या शंभर नंबरांत एकही बाई नाही.” मुंकबाईंनी पिशवीतून सुई काढली, कापूस काढला. “आणि या कामात बायका दोन. एक पेशी मोजते, एक रक्त काढते. राग मानू नका. हात पुढं करा.”

४

माझा गट ए निघाला, मी सुटले. टोवेचा ओ निघाला.

खोलीत एकदम अवघडल्यासारखं झालं. टोवे पन्नाशीची, जाडजूड, सगळ्यांची लाडकी. रक्त द्यायला आलेल्यांना ती घरची बिस्किटं द्यायची, कुणाची आई आजारी आहे, कुणाचं मांजर हरवलंय, तिला सगळं ठाऊक. त्यातल्या एखाद्यासाठी ती काहीही करेल, हे आमच्या तिघांच्याही मनात आलं.

“टोवे,” होल्क म्हणाले, “तू केलंस?”

“मला विचारायचं तर खाली बसवून, कॉफी देऊन विचार. असं उभं करून नको.”

होल्क यांनी खरंच कॉफी आणली. तिनं दोन घोट घेतले.

“नाही केलं,” ती म्हणाली. “आणि माझं नसलं तर माफी मागायची, विगो. बिर्टेचीसुद्धा.”

“देशातली निम्मी माणसं ओ गटाची असतील,” मुंकबाई उठत म्हणाल्या. “एवढ्यावर मी कुणाला बाप ठरवत नाही. उद्या दुपारपर्यंत थांबा.”

दुसऱ्या दुपारी त्या आल्या त्या थेट टोवेच्या टेबलाशी. रक्ताचे आणखी बारीक गट असतात, त्यांतल्या दोनांत टोवे आणि ते रक्त यांचा मेळ बसत नव्हता. होल्क यांनी दोघींची माफी मागितली. नीट, आमच्या डोळ्यांत बघून मागितली. मला तो माणूस तेव्हापासून आवडू लागला.

“तुला आधी विचारायला हवं होतं,” मुंकबाई टोवेला म्हणाल्या. “एकोणीस दिसायला कसा आहे?”

“मला काय माहीत? त्याच्या दंडाला मी कधी हात लावलेला नाही. त्याची नळी डब्यातून येते, गाडीनं.”

“आणि हे तू काल बोलली नाहीस.”

“काल तुम्ही सगळे माझ्याच दंडाकडं बघत होतात.”

मुंकबाई होल्क यांच्याकडं वळल्या. “तुला तर ठाऊक होतं.”

“होतं,” होल्क म्हणाले. “पण तो कुठं राहतो हे कळलं की तो कोण हे कळायला वेळ लागत नाही. लहान जागा आहे. मी त्याला शब्द दिलाय. आणि त्याचं रक्त काढणारी बाई सरकारी नर्स आहे, घरोघरी जाते, तिला यात काय मिळणार?”

मुंकबाईंनी पिशवीतून दोन पट्ट्या काढून टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. रक्तातली प्रथिनं वेगळी करून त्या पट्ट्यांवर उमटवली होती.

“ही एकोणीसची, वसंतातली. ही त्या अनोळखी बाईची. हा तिसरा पट्टा दोन्हीकडं बघ, किती खाली सरकलाय. माझ्या उभ्या नोकरीत असं मी मोजक्या घरांत पाहिलंय. हे रस्त्यात भेटत नाही, हे आईबापांकडून येतं.”

“म्हणजे?”

“म्हणजे ती त्याच्या रक्ताची आहे. आई असेल, बहीण असेल, मुलगी असेल. त्याचं नाव मला नकोच. त्या नर्सचं सांग.”

“गुद्रून ल्यूके.”

“लग्न झालेली?”

“असावी.”

“मग तिचं माहेरचं नाव काय, ते विचार.”

होल्क यांनी तिच्या कचेरीत फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, त्यांनी आभार मानले, फोन ठेवला. “एकोणीसचंच आडनाव,” ते म्हणाले.

५

होल्क, मुंकबाई आणि मी गुद्रूनच्या गावी, लांगेलान बेटावर पोचलो तेव्हा वारा सुटला होता आणि शेतांत बिटांच्या गाड्या भरत होत्या. गुद्रून ल्यूके दारातच उभी होती. रुंद खांद्यांची, पन्नाशी ओलांडलेली बाई. होल्क यांनी आपलं नाव सांगितलं तशी ती बाजूला झाली.

“शिव्या आधी की कॉफी आधी?” तिनं विचारलं.

“कॉफी,” मुंकबाई म्हणाल्या.

तिनं काहीच नाकारलं नाही. राय धान्याच्या काळ्या पावावर हेरिंग मासळी ठेवून ताटं आमच्यापुढं सरकवली आणि उभ्यानंच बोलू लागली. एकोणीस नंबर म्हणजे तिचा धाकटा भाऊ एस्किल ब्राम्सेन. चर्चमध्ये वाजवतात ते मोठे ऑर्गन बांधणारा, मागच्या आवारात त्याची कार्यशाळा.

“वसंतात त्यानं तुम्हाला फोन करून आकडा विचारला. तुम्ही सांगितलात. त्या दिवशी त्यानं अवजारं खाली ठेवली, डॉक्टर, ती पुन्हा उचलली नाहीत. अर्धा बांधलेला ऑर्गन तसाच. जेवायचा नाही. भिंतीकडं तोंड करून पडून राहायचा. ताप नाही, खोकला नाही, अंगावर डाग नाही. नुसता आकडा.” तिनं होल्क यांच्याकडं पाहिलं. “मी तीस वर्षं नर्स आहे. मला सांगा, त्या आकड्याचा अर्थ काय?”

“नक्की माहीत नाही,” होल्क म्हणाले. “तेच शोधतोय.”

“मग सांगितलात कशाला?”

“त्यानं विचारलं. रक्त त्याचं होतं.”

तिनं कॉफी ओतली.

“तुमचं औषध मी नेमानं टोचलं. काही होईना. सप्टेंबरात नळी पाठवायची वेळ आली तेव्हा तो म्हणाला, ताई, आता रक्त नको काढूस, मला कळलंय काय ते. मी स्वयंपाकघरात आले, बाही वर केली आणि स्वतःचं काढलं. म्हटलं, एका आकड्यानं माझा भाऊ झोपवला, दुसऱ्यानं उठला तर उठला.”

“उठला?” मुंकबाईंनी विचारलं.

“ऐका की.”

मागच्या आवारातून करवतीचा आवाज येत होता.

मुंकबाईंनी ताट बाजूला सारलं. त्यांचा आवाज मऊ होता, पण शब्द मऊ नव्हते. “गुद्रून, तुझ्या त्या नळीच्या जोरावर पुढच्या महिन्यात आणखी कितीतरी जणांना ते औषध टोचणार होते. त्यांनाही बहिणी आहेत. चौघांना त्याचा काही उपयोग झाला नाही, उलट त्यातल्या दोघांच्या दंडाला गळवं आली. तुझ्या भावाला उठवायला तू त्या सगळ्यांना खोट्या आशेच्या दारात उभं केलंस.”

गुद्रून खुर्चीवर बसली. हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं. तिनं दोन्ही तळवे टेबलावर पसरले आणि त्यांच्याकडं बघत राहिली.

“त्याला तुम्ही सांगणार?” तिनं विचारलं.

“आम्ही का?” मुंकबाई म्हणाल्या. “भाऊ तुझा आहे.”

एस्किल आला तो केसांत भुसा घेऊनच. उंच, हडकुळा, चाळिशीचा. होल्क उठून बोलले तसा त्यानं फोनवरचा तो आवाज ओळखला, दोन्ही हातांनी त्यांचा हात धरला. “डॉक्टर, ऑर्गन संपत आलाय. बघायला चला, मग जेवा.” मग त्याची नजर बहिणीवर गेली आणि तो थांबला.

“एस्किल,” ती म्हणाली, “ते रक्त माझं होतं.”

त्याला समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा तो तिच्यावर ओरडेल असं मला वाटलं. त्यानं ओट्याला टेकून हात पुसले, पुन्हा पुन्हा पुसले.

“म्हणजे मी बरा नाही.”

“ते आम्हाला माहीत नाही,” होल्क म्हणाले. “तुझा आजचा आकडा कुणीच मोजलेला नाही.”

“आणि मोजलात तर?”

“तर आकडा कळेल. पुढं काय होणार ते आज तरी जगात कुणी सांगू शकत नाही. हे मी वसंतातच तुला सांगायला हवं होतं. आकडा सांगितला आणि ही दुसरी गोष्ट सांगितली नाही. चूक माझी.”

एस्किल खिडकीतून कार्यशाळेकडं पाहत होता. “हे तीन आठवडे मी पहाटे उठून काम करतोय, ताई. भूक लागतेय. ते कुणाच्या रक्तावर?”

“तुझ्याच,” गुद्रून म्हणाली.

“हो ना.” तो हसला असं नाही म्हणता येणार, पण त्याचा चेहरा सैल झाला. “गाढव आहेस तू. लहानपणापासून आहेस. माझी शाळेतली भांडणंसुद्धा तूच भांडून यायचीस.”

मग त्यानं खुर्ची ओढली, बाही वर केली आणि दंड माझ्यापुढं टेबलावर ठेवला. “ताईनं नको. तुम्ही काढा.”

६

ते रक्त मी मांडीवर धरून कोपनहेगनला आणलं आणि तशीच मोजायला बसले. आकडा वसंतात होता त्याहूनही थोडा खाली होता. त्याच आकड्याच्या माणसानं ऑर्गन बांधत आणला होता.

होल्क यांनी भाषण मागं घेतलं, पत्रकारांना कळवलं, इंजेक्शन बंद केलं. गुद्रूनची तक्रार करायची की नाही यावर ते आणि मुंकबाई बराच वेळ बोलत बसले. शेवटी तिनं स्वतःच आपल्या वरिष्ठांना लिहून कळवलं आणि झालेली शिक्षा मुकाट्यानं घेतली.

उरलं होतं ते सर्वांत अवघड. ज्या माणसांनी आमच्यावर विसंबून दंड पुढं केले होते, त्यांना सांगणं. होल्क यांनी शहरातलं एक सभागृह घेतलं. साठसत्तर जण आले. बरेच जण टोप्या न काढता मागच्या रांगांत बसले होते. एकमेकांना ओळखणारेही ओळख दाखवत नव्हते.

होल्क यांनी काही झाकलं नाही. एक आकडा खोटा निघाला, म्हणाले, तो कसा निघाला हे सांगायचा मला अधिकार नाही. औषधाचा उपयोग नाही. माझ्याकडं तुम्हाला द्यायला आज काही नाही. एवढंच मागतो, की येत राहा. जे आजारी पडतील त्यांचं आधीचं रक्त आणि जे पडणार नाहीत त्यांचं रक्त, दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय याचा उलगडा होणार नाही.

“म्हणजे आम्ही मरायचं आणि तुम्ही मोजायचं,” मागून कुणीतरी म्हणालं.

खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. चारपाच जण उठून दाराकडं निघाले, त्यांच्या मागं आणखी काही. टोवे माझ्या शेजारी होती, तिनं माझा हात घट्ट धरला. दोन वर्षांचं काम त्या दारातून निघून चाललं होतं, आणि त्यांना दोष तरी कसा देणार?

तेव्हा मधल्या रांगेतून एक उंच माणूस उभा राहिला. तो येणार आहे हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

“माझं नाव एस्किल ब्राम्सेन,” तो म्हणाला. “मी लांगेलानला राहतो, ऑर्गन बांधतो. तो खोटा आकडा माझा. खरा आकडा या सभागृहातल्या बहुतेकांपेक्षा खाली आहे.”

दाराकडं निघालेले थांबले. नाव आणि गाव उघड सांगणं म्हणजे काय, हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं.

“माझ्या घरच्यांनी मला वाचवायला मला खोटा आकडा दिला, आणि तीन आठवडे मी फार मजेत होतो. ती मजा मी परत करणार नाही.” कुणीतरी हसलं. “पण यांच्याकडं जर शंभर खोटे आकडे असतील, तर माझ्यामागून जो येईल त्याला हे काहीच सांगू शकणार नाहीत. तो आत्ता बावीस-तेवीस वर्षांचा असेल. मी त्याला ओळखत नाही. मरायला मला हे सांगत नाहीत, मी मेलो तरी ते फुकट जाऊ नये एवढं बघतायत. मी मार्चमध्ये परत येणार आहे. नंबर नको, नावानंच बोलवा.”

तो खाली बसला. मग दाराशी उभ्या असलेल्यांपैकी एकानं टोपी काढली, परत आला आणि एस्किलच्या शेजारची रिकामी खुर्ची ओढून बसला. त्यानं हात पुढं केला आणि हळू आवाजात, पण आम्हाला ऐकू येईल असं, आपलं नाव सांगितलं.